पोळ्याच्या दिवशी साक्षरता दिन

११ जुलै १९९१, गुरुवार

आज जागतिक लोकसंख्या दिन. गावात अवस. सकाळी पोरांची फेरी काढली. अवसेला इथे औत जुंपत नाहीत, त्यामुळे सगळे बाप ओट्यावर बसलेले, फेरीला प्रेक्षक भरपूर. लहान कुटुंबाची घोषणा सर्वांत मोठ्याने देणारा गुलाब पाच भावंडांवरचा. बापाने कौतुकाने पाहिलं.

जूनपासून पर्यावरण दिन झाला, वनमहोत्सव झाला, आता हा. दिन ठरवणारे कुठे बसतात देव जाणे, साजरे करायला शिरपूर तालुक्यातली ही एक प्राथमिक शिक्षिका. आई धुळ्याहून लिहिते, लग्नाचं बघ. तिला लिहिलं, त्याचं परिपत्रक अजून आलेलं नाही.

संध्याकाळी बालवाडीच्या खोलीत बायांचा साक्षरता वर्ग. निंदणीवरून दमून आलेल्या, तरी आल्या. सगळ्यांत आधी अक्का. माझ्या घरमालकीण, साठीच्या, एकट्या. एक बैलजोडी आणि एक सालदार एवढा संसार. जात्यावर बसावं तशा पाटीपुढे बसतात.

१८ जुलै

नानांकडे सुरतेचं पत्र आलं. वाचायला मला बोलावणं.

नाना शेजारचे. त्यांचा आणि अक्कांचा गोठा एकाच भिंतीचा. पोळ्याला वेशीखालून पहिली जोडी त्यांची जाते, म्हणून बाकी वर्षभरही पहिला शब्द त्यांचाच. मुलगा सुरतेला मागावर. सून इथे. पत्र बायकोला असतं, पण ओट्यावर नानांसमोर मी मोठ्याने वाचायचं आणि ती दाराआड उभी राहून ऐकणार. आज मधेच दोन ओळी अशा आल्या की माझेच कान तापले. गिळून टाकल्या. पुढे पावसापाण्यावर गेले.

दाराआडून बांगड्या वाजल्या. तिला कळलं असणार की बाईने काहीतरी गाळलं. स्वतःच्या नवऱ्याचं पत्र आणि त्यातलं काय ऐकायचं ते मी ठरवणार. फार वाईट वाटलं.

उठताना नानांना म्हटलं, सुनेला वर्गाला पाठवा. ते म्हणाले, लिहायला आली की माहेरी रोज एक पत्र धाडेल. विषय संपला. तिचं नाव विचारायचं राहिलं. सगळे तिला नानांची सूनच म्हणतात.

२ ऑग., शुक्रवार

वाईट दिवस. विस्तार अधिकारी (वि.अ.) न सांगता वर्गावर आले. अक्कांना म्हणाले, वाचा. अक्कांनी विहिरीचा धडा सुरू केला, खणखणीत. साहेबांनी हळूच दोन पानं उलटली. अक्का आपल्या विहिरीवरच. पुस्तकात आता कोंबडी होती.

साहेब माझ्याकडे बघून हसले. वाईट नाही हसले, पण हसले. "बाई, हे पाठांतर आहे. साक्षरता नव्हे."

८ सप्टेंबरला जागतिक साक्षरता दिन. त्या दिवशी शिरपूरला कार्यक्रम. तिथे सगळ्या बायांना न्यायचं, ते कधी न पाहिलेला मजकूर देतील. वाचता आला तर वर्ग पुढे चालेल. नाही तर वर्ग बंद आणि पाट्या, कंदील, पुस्तकं दुसऱ्या गावाला.

अक्का जेवल्या नाहीत. मी पण नाही. आठ महिने घसा फोडला तो विहिरीच्या एका धड्यासाठी काय?

३ ऑग.

रात्रभर राग. राग साहेबांचा नाही, माझाच. पुस्तक एकच, रोज तेच, सगळ्या मिळून मोठ्याने. पाठ होईल नाही तर काय होईल. आजपासून पुस्तक पेटीत बंद. बिडीचं बंडल, खताची गोणी, एस.टी.ची पाटी, तेलाचा डबा, जे दिसेल ते वाचायचं. वर्गातल्या जनाबाईने खताच्या गोणीवरचं अक्षर न् अक्षर लावलं आणि मग म्हणाली की हे खत खोटं आहे, गोणी दुसऱ्याची. बाकीच्या हसून लोळल्या. वर्ग असा कधी झाला नव्हता.

१९ ऑग.

शाळेत यंदाचं पंचांग आत्ता कुठे लागलं. सहज ८ सप्टें. पाहिली. रविवार. म्हणजे माझी सुट्टी गेली. खाली बारीक अक्षरात: पोळा.

परत पाहिलं. पोळाच.

२० ऑग.

बायांना सांगितलं. मग सगळ्या एकदम बोलल्या. पोळ्याच्या दिवशी बैल ओवाळायचा सोडून शिरपूरला? पुरण कोण घालणार? अक्का तर माझ्याकडे अशा बघत होत्या की मीच तारीख ठरवली.

नानांना कुठून तरी लगेच कळलं. ओट्यावरून मला थांबवून म्हणाले, "साहेबले सांगा, अवस दुसरा दिन लई या. मंग आम्ही पोया दुसरा दिन करसूत."

अवस दुसऱ्या दिवशी घेऊन या, मग पोळाही दुसऱ्या दिवशी! मला हसू आलं. नानांना नाही आलं.

२३ ऑग., शुक्रवार

अर्धी रजा टाकून शिरपूरला. वि.अ. कागदांच्या ढिगाआड. म्हटलं, कार्यक्रम एक दिवस पुढे घ्या. म्हणाले, जगाचा दिन आहे, मी कोण ढकलणार? उलट मलाच विचारलं, गावाला पोळा पुढे ढकलता येणार नाही का. नानांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

साहेब हसता हसता थांबले. त्यांच्या घरची जोडी वडिलांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा विकली. तेव्हापासून घरी पोळ्याला मातीचे बैल पूजतात. एवढं बोलून खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, सकाळचा कार्यक्रम उरकून चार वाजता जीप घेऊन येतो, पण कसोटी घेणारच. काय करणार ते आधी लेखी द्या.

येताना एस.टी.त उभी होते, तरी बसल्यासारखं वाटत होतं.

२६ ऑग.

काय करणार ते सुचत नव्हतं. सुचलं अक्कांना, भाकरी थापता थापता. बैल रंगवायचेच आहेत, मग ठिपक्यांऐवजी अक्षरं काढू. गेरूने. प्रत्येक बैलावर एक शब्द. जोड्या एकामागून एक वेशीखालून गेल्या की वाक्य होईल.

मी तव्याजवळच नाचले. अक्का म्हणाल्या, भाकरी जळेल.

२८ ऑग.

वाक्यावरून भांडण. मी पुस्तकी वाक्य दिलं, ते कोणालाच नको. त्यांचं त्यांनी ठरवलं: आमना गावन्या बठ्ठ्या बाया वाचतस, लिखतस. बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. सहा शब्द, तीन जोड्या. अक्कांची, जनाबाईची, सिंधूबाईची. छानच आहे. माझ्या वाक्यापेक्षा कितीतरी.

फक्त अक्का अडून बसल्या. "बाई, खोटं कसाले लिखानं? बठ्ठ्या कठे शेतस? नानानी सून नही शे."

खरंच आहे. एक बाई बाहेर आहे, तर बठ्ठ्या कसं लिहायचं. म्हटलं, मी नानांकडे जाते.

२९ ऑग.

गेले. दोन गोष्टी मागितल्या: सुनेला वर्गाला सोडा, आणि पहिली जोडी तुमची, तिच्यावर एक शब्द लिहू द्या. दोन्हीला नाही. पोळ्याला बैल देव असतो, देवाच्या अंगावर शाळा नको म्हणाले. चहा मात्र पाजला. दार किलकिलं होतं. मागे कोण उभं होतं ते मला माहीत आणि त्यांनाही.

३१ ऑग.

अक्कांच्या गोठ्यात शेण काढायला सालदार आला नाही म्हणून मी गेले. सामाईक भिंतीवर, गव्हाणीच्या वर, कोळशाने अक्षरं. अ, आ, क, म, र. काही पुसलेली, परत काढलेली. अक्कांचा हात मी ओळखते, त्यांचा क पोट सुटलेला. हा हात बारीक, नीटस, घाबरलेला.

भिंतीला वर हातभर फट आहे, पलीकडून हात घालून लिहिता येईल एवढी. पलीकडे नानांचा गोठा.

अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, शेण टाकायला दोघी एकाच वेळी येतो, गप्पा होतात. पुढचं मी विचारलं नाही. अख्खा दिवस गाणं म्हणत होते.

५ सप्टें., गुरुवार

शिक्षक दिन. पोरांनी झेंडूचं फूल दिलं, एकाने काकडी. काकडी सगळ्यांत आवडली.

वि.अ.ना कार्यक्रम लेखी पाठवला, वाक्यासकट. पहिली जोडी नानांची, तिच्यावर काही नाही, वाक्य दुसऱ्या जोडीपासून, असंही स्पष्ट लिहिलं. मागाहून भानगड नको.

७ सप्टें., शनिवार

खांदेमळणी. बैलांच्या खांद्याला तूपहळद चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. अक्का बैलाच्या कानात बोलल्या. मीही जाऊन बोलले. म्हटलं, बाबांनो, उद्या अंग झाडू नका. साहेबांना जेवायला बोलावलंय.

८ सप्टें., रविवार. पोळा. साक्षरता दिन.

सगळं लिहायचं आहे, हात थांबत नाही.

सकाळी गोठ्यागोठ्यांतून फिरले. तिन्ही ठिकाणी बायांनी स्वतः लिहिलेलं. अक्कांच्या डाव्या बैलावर 'आमना', उजव्यावर 'गावन्या'. जनाबाईच्या 'बठ्ठ्या' मधला ठ चंद्राएवढा. अक्कांनी शेवटी हा शब्द कसा होऊ दिला, विचारायचं राहून गेलं. सिंधूबाईने वेलबुट्टीत बसवलेलं. एक कानामात्रा चुकली नव्हती. बैल जोडीने बांधलेले, दोघांच्या मधे कोण शिरणार? म्हणून प्रत्येकीने बाहेरची बाजू रंगवलेली, डाव्याची डावी आणि उजव्याची उजवी. मी बघितलं, शाबासकी दिली आणि पुरण वाटायला गेले. अक्कल गहाण.

चारला जीप. साहेबांना खुर्ची वेशीजवळ, रस्त्याच्या लिंबाच्या बाजूला टाकलेली, सावलीत. समोरची बाजू मारुतीच्या देवळाची. बाया दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर. वेशीला तोरण. ढोल सुरू झाला, नानांची जोडी वळणावर दिसली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. लिंबाच्या बाजूने फक्त डावे बैल दिसणार. उजव्या बैलांवरचे शब्द मारुतीच्या बाजूला. साहेबांना अर्धंच वाक्य दिसणार. आम्हा सगळ्यांना, मला धरून, जोडी म्हणजे एकच वाटते. तिला दोन बाजू असतात हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

काही करायला वेळ नव्हता. नानांची जोडी तोरणाखाली थांबली. डावा बैल कोरा, नुसते हळदीचे ठिपके. ठरल्याप्रमाणेच. पुजारी नारळ फोडायला पुढे झाला.

आणि मारुतीच्या बाजूच्या बाया एकदम ओरडल्या, "निर्मला".

साहेबांनी माझा कागद खिशातून काढला. वाचला. माझ्याकडे पाहिलं. "बाई, ह्यात निर्मला कुठे आहे? पहिल्या जोडीवर काही नाही असं तुम्हीच लिहिलंय. चुकल्या ना बाया. पाठ केलेलं विसरल्या."

मलाही कळेना. निर्मला कोण? गावात ह्या नावाने कोणाला हाक मारलेली ऐकली नाही. पण मारुतीच्या बाजूच्या बाया बोट दाखवत होत्या, परत वाचत होत्या, एकमेकींना दाखवत होत्या. पाठ केलेलं म्हणणारी बाई बोट दाखवत नाही.

म्हटलं, साहेब, उठा. रस्ता ओलांडा.

जोडीच्या मागून गेलो. साहेबांचा बूट शेणात. उजव्या बैलाच्या उजव्या अंगावर गेरूने, बारीक, नीटस, घाबरलेल्या हाताने: निर्मला. भिंतीवरचाच म.

साहेबांनी हळू आवाजात वाचलं. मग विचारलं, ही कोण?

ढोल थांबला. नानांच्या ओट्यावर ती ताट घेऊन उभी, पदर डोळ्यांपर्यंत. नाना कासरा धरून सरळ समोर वेशीकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"मनी सून शे," नाना म्हणाले.

नारळ फुटला. तोरण तुटलं. पोळा फुटला म्हणून जी आरोळी उठली ती सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत गेली असेल.

पुढचं तर मी बसवलंच नव्हतं. लिंबाच्या बाजूच्या बायांना निर्मला दिसलीच नव्हती. त्यांना आपण मागे पडलो असं वाटलं असणार. अक्कांची जोडी येताच त्या जीव तोडून ओरडल्या, "आमना". समोरून लगेच, "गावन्या". इकडून "बठ्ठ्या", तिकडून "बाया". इकडून "वाचतस", तिकडून "लिखतस". वाक्य रस्त्याच्या ह्या काठावरून त्या काठावर उड्या मारत गेलं. जिला जे दिसलं ते तिने वाचलं. जे दिसलं नाही ते कोणीही बोललं नाही. साहेब मधेच उभे, एकदा इकडे एकदा तिकडे बघत.

मी रडले. लाजले नाही.

आणि बठ्ठ्या हे खरं झालं. अक्कांना सकाळीच माहीत होतं का? त्या नुसत्या पुरणपोळीवर तूप वाढत राहिल्या. साहेबांनी तीन पोळ्या खाल्ल्या. जीपमध्ये बसताना विचारलं, वर्गाचं काय. म्हणाले, अहवाल देतो, निर्णय वरून येईल. म्हटलं, अहवालात काय लिहिणार? "जे वाचलं ते," म्हणाले.

९ सप्टें.

निर्मला स्वतः आली, अक्कांच्या चुलीपाशी. पहिल्यांदा तिचं तोंड नीट पाहिलं. माझ्याहून लहान आहे. पहाटे उजव्या बैलावर लिहिलं म्हणाली. बठ्ठ्यांतून स्वतःला गाळू द्यायचं नव्हतं, कोणाला विचारायचंही नव्हतं. नाना बैल सोडायला आले, अक्षरं पाहिली, विचारलं हे काय. नाना वाचू शकत नाहीत हे मला तेव्हा कळलं. मुलाची पत्रं मी वाचते ती सगळ्यांत आधी त्यांच्यासाठी.

ती म्हणाली, "मी सांगं, मनं नाव शे."

मग? बादली भरलेली होती, पुसायचं असतं तर पुसता आलं असतं. त्यांनी कासरा हातात घेतला आणि चालू लागले. एवढंच. तिलाही याहून जास्त माहीत नाही.

१४ सप्टें., शनिवार

हिंदी दिन. परिपत्रक आहे. पोरांकडून एक हिंदी कविता म्हणवून घेतली, अहिराणी चालीत.

वर्गाचा आदेश अजून नाही. येईल, किंवा कंदील न्यायला माणूस येईल. अक्का म्हणतात, कंदील त्यांना देऊ, भिंत कुठे नेतील.

गणपती बसले. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून निर्मलाने अक्कांना परसातला भोपळा दिला. गेरू अजून टिकून आहे. नानांची जोडी रोज शेतावर जाते, उजव्या बैलावर नाव घेऊन. वाटेत भेटलेल्या बाया मोठ्याने वाचतात. आता तिला गावात नावानेच हाक मारतात, पोरंसुद्धा. नाना कोणाला गप्प करत नाहीत.

सुरतेचं पत्र आलं असं पोस्टमन बोलला. मला बोलावणं आलं नाही. दोन दिवस वाट पाहिली आणि मग लक्षात आलं की येणारच नाही. इतका आनंद मला कोणी काही न सांगितल्याचा कधी झाला नव्हता.

आज दुपारी शाळा सुटल्यावर नाना फाटकाशी. बैल सोबत. बराच वेळ बैलाच्या गळ्यातले घुंगरू नीट करत राहिले. मग म्हणाले, "बाई, डावा बैल कोरा काबर ऱ्हायना?"

म्हटलं, तुमच्या सुनेलाच विचारा.

"तिले मी विचारं. ती म्हणे, तो तुम्हना शे."

नानांनी डाव्या बैलाच्या कोऱ्या अंगावरून हात फिरवला, जिथे लिहायचं असतं तिथेच. मी म्हटलं, सोमवारी दिवेलागणीला खोली उघडते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बैल हाकत गेले.

सोमवारी एक जास्तीची पाटी घेऊन जाणार आहे.